ही बाई कुणाकडची?

फोटोग्राफरच्या धंद्यात सगळ्यात अवघड काम कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी लहान मुलांचं नाव घेणार नाही. म्हशीचंही घेणार नाही. (म्हशीचा फोटो मी एकदा काढलेला आहे. ती पुष्कळ माणसांपेक्षा बरी बसली.) अवघड काम म्हणजे साखरपुड्याचा फोटो. लग्नात माणसं दमलेली असतात, म्हणून सांगाल तिथं बसतात. साखरपुड्यात दोन्हीकडचे ताजेतवाने असतात आणि आपण मधोमध यायचं, हे प्रत्येकजण घरून ठरवूनच निघालेला असतो.

पौडाच्या पेठेत मी 'फोटोगृह' अशी पाटी लावली, तेव्हा शेजारच्या कुशाबा शिंप्याने ती मला मोठ्याने वाचायला लावली आणि विचारलं, "ह्यो कंचा ग्रह? शनीच्या अल्याडचा का पल्याडचा?" मी गृह आणि ग्रह यांतला भेद समजावून सांगितला. तो त्याने शांतपणे ऐकून घेतला आणि पुढे गावभर सांगितलं, की मास्तरांच्या दुकानात शनी बघायला मिळतो. फोटोनं आयुष्य कमी होतं, हे या मुलखात सर्वांना माहीत होतं. त्यावरही कुशाबाकडे तोड होती. "मास्तर, तुमी म्हाताऱ्यांचं फोटू काढा. त्येंचं थोडं कमी झालं तर कुनी वरडत न्हाई."

आमच्या घरातून आलेला सल्ला याहून थोडक्यात होता. "पुण्याला शाळेत ड्रॉइंग शिकवत होतात, तेच बरं होतं."

मी धीर सोडला नाही. मागच्या पडद्यावर स्वतःच्या हाताने तळं रंगवलं, त्यात राजहंस सोडला. लोक येत, बदकाचं कौतुक करत आणि निघून जात.

अशात एके दिवशी माले गावचा गेणबा दुकानात आला. खाऊनपिऊन सुखी शेतकरी, बोलायला रोखठोक. पागोटं काढून मांडीवर ठेवत म्हणाला, "मास्तर, आमच्या सुंदराचा साखरपुडा हाय. पाव्हणं म्हंत्यात, फोटू पायजेल."

पाहुणे म्हणजे मुळशीचा पिराजी. त्याचा मुलगा भैरू मुंबईला जेवणाचे डबे पोचवायचा. ज्यांचे डबे न्यायचा त्यांच्या भिंतींवर त्याने जोडप्यांचे फोटो पाहिले होते आणि आपलाही एक असावा, असं त्याच्या मनात भरलं होतं. पिराजीचं घर आणि भाताची खाचरं धरणाच्या पाण्याखाली जायची होती, त्यामुळे त्या घरात मुलगी द्यायला कुणी धजत नव्हतं. गेणबाचा हिशोब मात्र सरळ होता. "जमीन बुडंल. पोरगा तर बुडत न्हाई न्हवं?"

मला तर त्या क्षणी माझा धंदाच तरंगताना दिसला. आज एक साखरपुडा, उद्या दहा! पौड ते मुळशी प्रत्येक भिंतीवर माझं नाव! ('माझं नाव नको, फोटो लावा,' असं मी नम्रपणे सांगणार होतो.)

पण मालेच्या रस्त्यावरच शिपायाने बैलगाडी अडवली. धरणाविरुद्धच्या सत्याग्रहाचे दिवस होते, आणि माझ्या कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या तिकाटण्यावर बंदूक ठेवता येईल, असं त्या शिपायाचं मत पडलं. प्रकरण फौजदारांपुढे गेलं. फौजदार कायद्याला पक्के. ते म्हणाले, "यंत्राचं तोंड धरणाकडे करायचं नाही. पूर्वेकडे करा."

"आणि नवरीचं?"

फौजदारांनी विचार केला. "नवरीबद्दल सरकारचा काही हुकूम नाही."

यंत्र निरुपद्रवी आहे, याची खात्री पटावी म्हणून मला फौजदारांचाच एक फोटो काढावा लागला. मिशीला पीळ भरायला त्यांना इतका वेळ लागला, की साखरपुड्याला पोचेपर्यंत जेवणं उरकली होती.

गेणबाच्या अंगणात ऊन उतरतीला लागलं होतं. पुढे सतरंजीवर भैरू आणि सुंदरा, मागे पडवीच्या खांबांना टेकून दोन्हीकडच्या बायका, आणि सगळ्यांत पुढे, न सांगता येऊन बसलेली, सुंदराची आत्या धोंडाबाई. तिला मागे न्यायला मला आणि गेणबाला जो प्रयास पडला, त्यात धरणाची एक भिंत बांधून झाली असती. भैरू बिचारा सांगितल्या जागी बसला होता. पोरगा देखणा, पण हसायचं विसरल्यासारखा. सुंदरा मात्र डोळे वर करून यंत्राकडे टक लावून बघत होती.

मी काळ्या कापडात डोकं घातलं. आतल्या काचेवर जग उलटं दिसतं. सरावाने त्याचं काही वाटत नाही. सुंदराच्या मागे हिरव्या लुगड्यातली एक तरणी बाई उभी होती. डोक्यावर पदर, अर्धी खांबाआड.

"अहो खांबामागच्या बाई," मी आतूनच म्हणालो, "जरा डावीकडे या. फोटोत येत नाही तुम्ही."

ती सरकली. नुसती सरकली. पाऊल उचललेलं मला दिसलं नाही, बांगडी वाजली नाही. मी म्हटलं, चला, एकजण तरी सांगितलेलं ऐकते.

बाहेर मात्र धोंडाबाईचा आवाज चढला. "मी कुटं खांबामागं हाय? माझ्याच भावाच्या दारात मला सरकाया सांगतुया व्हय रं फोटूवाल्या?"

मी भिंगावरचं झाकण काढलं, मनात आकडे मोजले, झाकण लावलं. तेवढा वेळ अंगणात कोंबडंसुद्धा बोललं नाही. इतकी गप्प मंडळी मला पुन्हा कधी मिळाली नाहीत. कापडातून डोकं बाहेर काढलं तेव्हा खांबाजवळ कुणी नव्हतं. हात धुवायला गेली असेल, असं मी समजलो.

काच धुवायला घेतली की अंधारखोलीतल्या लाल उजेडात माणसं हळूहळू वर येतात. आधी पागोटी, मग सदरे, चेहरे शेवटी. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी ती वर आली. बाकीची काच अजून कोरी असताना ती एकटीच उभी होती.

उन्हात कागदावर छाप काढला आणि घरी दाखवला. फोटो उत्तम आला होता. आमची ही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "या बाईचं लक्ष यंत्राकडे नाही. ती नवरीकडे बघतेय."

"बघू दे. नवरीच आहे, सगळे बघतात."

"आणि हात बघा तिचा."

हात सुंदराच्या खांद्यावर होता. खांद्यावरचा पदर बोटांखाली दबून त्याला चुण्या पडल्या होत्या.

गेणबाने फोटो पाहून मला गूळपाणी दिलं. मग धोंडाबाईने बोट ठेवलं. "ही कोन?"

"पाव्हण्यांच्याकडची असंल."

"काय ताठा तरी! जेवली न्हाई, बोलली न्हाई, आन उबी ऱ्हायली ती आमच्या पोरीच्या डोस्क्यावर!"

मी दुसरा छाप घेऊन मुळशीला गेलो. गावातली निम्मी घरं मोकळी झाली होती. लोकांनी दारं, वासे काढून नेले होते, नुसत्या भिंती उभ्या. सुरुंग उडाला की त्या भिंतींतून आवाज फिरत फिरत यायचा, आणि तो विरल्यावर जी शांतता पडायची ती सुरुंगाहून वाईट. पिराजीच्या शेजाऱ्यांनी फोटो पाहिला. पदराआडून तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. "ही नवरीकडची वाटतं. लई मानकरीन दिसतीया." पिराजी आणि त्याची बायको रंभाबाई यांनीही पाहिला. मग रंभाबाईने फोटो उलटा करून जमिनीवर ठेवला.

"बिघाडलाय ह्यो," ती म्हणाली. "मुंबैला धाडायचा न्हाई. पोरीचा एकलीचा काढा दुसरा."

बिघडलाय! चार महिन्यांत मी काढलेल्या फोटोंत तेवढा एकच धड आला होता. परतताना सगळा रस्ता मी मनातल्या मनात रंभाबाईला प्रकाशशास्त्र समजावत होतो.

दुसरा फोटो मी दुकानातच काढायचं ठरवलं. इथं अंगण नाही, खांब नाही, आत्या नाही. (आत्या आली होती. तिला कुशाबाच्या दुकानात बसवलं.) दार लावून घेतलं. सुंदरा खुर्चीवर, मागे तळं, राजहंस. काचेत नीट निरखून पाहिलं. सुंदराशिवाय कुणी नव्हतं. चैताचं ऊन पत्र्यावर तापत होतं, माझा सदरा पाठीला चिकटला होता.

"मास्तर," सुंदरा म्हणाली, "ह्या अंगाला गार लागतंया. भिताडाला भोक हाय का?"

भिंतीला भोक नव्हतं.

काच धुतली, तेव्हा ती हिरव्या लुगड्यातली बाई खुर्चीशेजारी जमिनीवर बसलेली होती. गुडघे उभे करून, हात गुडघ्यांभोवती, धाकट्या बहिणीची वेणी घालून झाल्यावर बसावं तशी. या वेळी चेहरा पूर्ण दिसत होता. चांगला चेहरा होता. भीती वाटावी असं त्यात काही नव्हतं, आणि म्हणूनच माझ्या हातातून काच सुटता सुटता राहिली.

मी तडक पुण्याला गेलो. तिथल्या एका थोर फोटोग्राफरांनी दोन्ही काचा उजेडाकडे धरल्या आणि ते मला म्हणाले, "एकाच काचेवर दोनदा फोटो घेतलात. नवशिक्यांचं होतं असं." मी म्हटलं, माझ्या काचा बंद खोक्यातल्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. भुताने खांद्यावर हात ठेवलेला मी एक वेळ सहन केला असता.

इकडे कुशाबाने माझ्या माघारी गुरवाला बोलावून कॅमेऱ्याला लिंबूमिरची बांधून घेतली होती. ती नेमकी भिंगासमोर लोंबत होती. त्यानंतरच्या आठवड्यात आलेल्या सर्व गिऱ्हाइकांच्या फोटोंत आकाशातून एक लिंबू उतरताना दिसतं.

आणि मग फौजदार आले. स्वतःचा फोटो न्यायला म्हणून आले होते, पण दर्शनी लावलेल्या साखरपुड्याच्या फोटोपुढे थांबले. कायद्याचा माणूस, त्यांनी बायका मोजल्या.

"ही बाई कोण?"

"ते... ठरायचं आहे."

"ठरायचं? म्हणजे नावगाव न सांगता बाई समारंभात घुसते आणि खांबाआड लपते?" त्यांच्या मिशा ताठ झाल्या. सत्याग्रहातल्या काही मंडळींचा शोध चालूच होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही बाजू माझ्याच दुकानात बोलावल्या. गेणबा, धोंडाबाई, सुंदरा एका बाकावर, पिराजी, रंभाबाई दुसऱ्यावर. दारात कुशाबा, कुशाबाच्या मागे अर्धी पेठ. माझ्या दुकानात इतकी माणसं त्या दिवशी पहिल्यांदा आली, आणि एकालाही फोटो नको होता.

"आमच्याकडची न्हाई," गेणबा म्हणाला.

फौजदार रंभाबाईकडे वळले. "तुम्ही ओळखता हिला?"

रंभाबाईचे ओठ हलले. "व्हय."

"कुठं आहे ती?"

"गेली."

"कुठं गेली?"

"वर."

"वर म्हणजे घाटाकडे? ताम्हिणीला?" फौजदारांनी शिपायाला खूण केली. "कधी गेली?"

"दोन सालं झाली, सायेब."

"दोन वर्षांपूर्वी गेलेली बाई साखरपुड्याला कशी येते? तिला कुणी आणलं? गाडी कुणाची?"

तेव्हा पिराजीने पागोटं काढलं आणि खाली बघत म्हणाला, "सायेब, ती मेली. ती आमची सून हुती. भैरूची पयली बायकू. तुळजा."

फौजदारांनी शिपायाला केलेली खूण हातातच राहिली. दाराशी दाटलेली अर्धी पेठ एका पावलाने मागे गेली आणि कुशाबा एकटा पुढे उरला.

हळूहळू सगळं निघालं. बाळंतपणात ती गेली, मूलही गेलं. पुढे जमीनही जाणार म्हटल्यावर बिजवराला मुलगी कोण देणार, म्हणून पिराजीने पहिलं लग्न झालंच नव्हतं, असं सांगितलं. मुळशीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण बुडत्या गावातलं कुणी कुणाचं बोलत नव्हतं. पहिली बायको गेली की तिच्या नावाची सोन्या-चांदीची इवलीशी पुतळी करून दुसरीच्या गळ्यात घालायची आपल्याकडे रीत आहे. गेलेलीचा मान राहतो, आणि नवी सुखाने नांदते. पण पहिली झालीच नव्हती म्हटल्यावर पुतळी कुणाच्या नावाची करणार?

"म्या म्हनले हुते, करू या, कुनाला दावायची न्हाई," रंभाबाई रडत म्हणाली. "ह्येनी ऐकलं न्हाई."

गेणबा उभा राहिला. "सोयरीक मोडली," एवढंच म्हणाला आणि मुलीला घेऊन चालू लागला. फौजदारांना यात कोणतं कलम लावावं ते सुचेना. शेवटी त्यांनी 'सदर बाई इसम नाही' असा शेरा मारला आणि आपला फोटो न घेताच गेले.

त्यानंतर माझ्या दुकानाच्या बाजूने लोक चालेनासे झाले. समोरच्या कडेने जात, आणि तेही तोंड फिरवून, न जाणो फोटो निघायचा. राजहंसासमोर मी एकटा बसून असे. आमच्या हिने सामानाची बांधाबांध सुरू केली होती.

निरोप पोचून भैरू मुंबईहून आला तो घरी न जाता माझ्याकडे आला. डोक्यावर डबेवाल्याची टोपी तशीच होती.

"म्या आईबांना सांगितलं हुतं, समदं खरं बोला म्हनून," तो म्हणाला. "ते म्हनले, सांगितलंय. मला वाटलं, तिला ठावं हाय." मग टोपी काढून, "बगू का?"

मी दुसऱ्या, सुंदराच्या एकटीच्या फोटोचा छाप दिला. तो उंबऱ्यावर बसला. मला वाटलं होतं घाबरेल, ओरडेल. त्याने बोटाने फोटोवरची धूळ पुसली, जिथं धूळ नव्हती तिथली.

"माज्यापाशी तिचा एकबी फोटू न्हवता, मास्तर. मुंबैत ऱ्हाऊन त्वांड इसराया लागलो हुतो."

यावर प्रकाशशास्त्रात काही उत्तर नाही. मी आत जाऊन उगीचच हात धुतले. तो उंबऱ्यावरून हलला नाही. उन्हं कलली तेव्हा पायरीशी सुंदरा उभी होती. धोंडाबाई मागून धापा टाकत येत होती. पेठेतून बातमी माझ्या पायांपेक्षा वेगाने जाते. भैरू आल्याचं मालेपर्यंत पोचलं होतं.

सुंदराने त्याच्या हातातला फोटो घेतला. पहिल्यांदाच ती नीट बघत होती.

"कशी हुती?" तिने विचारलं.

"चांगली हुती," भैरू म्हणाला. "हसायची लई. ह्यात हसली न्हाई."

"आगं चल," धोंडाबाई तिचा दंड ओढत म्हणाली. "मेलेलीच्या घरात जायाचं हाय का तुला?"

"आत्या, ती माज्या जवळ दोन येळा येऊन बसली. माजं काय केलं तिनं?" सुंदरा म्हणाली. "म्या गार लागतंया म्हनले, तर ती आनिक आवरून बसली. ह्या समद्यांनी तिला पुसून टाकली. उद्या मी मेले तर मलाबी पुसत्याल." मग भैरूकडे वळून, "तिची पुतळी करा. तुमच्या बानं चार लोकांत तिचं नाव घ्यायचं. मंग मी येते."

गेणबा आठ दिवस धुमसला. पण पोरगी त्याच्यासारखीच रोखठोक निपजली होती, त्याला इलाज नव्हता. लग्नात मंगलाष्टकांआधी पिराजी मांडवात उभा राहिला आणि 'आमची थोरली सून तुळजा' असं म्हणताना दोनदा अडखळला. रंभाबाईने पुतळी सुंदराच्या गळ्यात घातली. मी फोटो घेतला. झाकण तेवढं दोनदा खाली पडलं.

त्या रात्री मी काच धुतली नाही, लख्ख दुपार होण्याची वाट पाहिली. नवरा, नवरी, आई, बाप, आणि पुन्हा सगळ्यांत पुढे धोंडाबाई. दुसरं कुणी नव्हतं. मी सुस्कारा सोडला आणि छाप घेऊन गेलो. सुंदराने तो उजेडाकडे धरला, आडवा धरला, मग भैरूकडे बघून हळूच म्हणाली, "आली न्हाई."

मला वाटलं प्रकरण संपलं. सामान बांधलेलंच होतं, गाडी सांगायची तेवढी बाकी होती. आणि त्याच आठवड्यात माझ्या दुकानासमोर रांग लागली.

मुळशीकडची माणसं होती. घरं सोडून चाललेली. जाण्याआधी एक फोटो हवा म्हणत. मी खुर्ची मांडली की एका अंगाला सरकून बसत आणि शेजारी जागा सोडत. कुणी आईसाठी, कुणी भावासाठी. मी घसा फोडून सांगे, की बाबांनो, हे माझ्या हातात नाही. ते मान डोलवत, "व्हय व्हय, तुमी काढा," म्हणत आणि तसूभर हलत नसत. फोटोत कुणी येत नसे. तरी ते बघत, हळूच घडी करून खिशात ठेवत आणि शेजाऱ्यालाही माझ्याकडे पाठवून देत.

शेवटी शेवटी कोंडाबाई नावाची म्हातारी आली. नवरा गेल्याला पुष्कळ वर्षं झालेली. त्याला जाळला ती नदीकाठची जागा आता पाण्याखाली जाणार होती. बाकावर एका कडेला बसली, दुसऱ्या कडेची धूळ पदराने झटकली. फोटो काढला. दुसऱ्या दिवशी ती न्यायला आली तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, "आजी, तुम्ही एकट्याच आलात. वाईट वाटून घेऊ नका."

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला.

"एकली कशी? ह्यो काय बसलाय की. तुमाला दिसत न्हाई व्हय?" मग तिचं तोंड वाकडं झालं. "पर डोळं मिटल्यात त्येचं. असाच हाय मेला. दुसरा काढा, मास्तर."

कुशाबा दारात उभा होता. आमची ही आतून बघत होती. माझ्या कलेत दोष काढलेला मला कधीच खपला नाही. मी काच भरली, काळं कापड डोक्यावर घेतलं आणि बाकाच्या मोकळ्या बाजूकडे बघून म्हणालो, "आजोबा, आता जरा डोळे उघडे ठेवा."